तीन बायका, एक मरीया: सन 591 मधल्या एका प्रवचनाचं प्रकरण

शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे एका कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाच्या, घरी पंगत बसली आहे. गावातली एक बाई न बोलावता आत येते. येशूची कहाणी सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा लेखक लूक तिचं नाव देत नाही, नुसतं ‘पापी’ म्हणतो. ती येशूच्या पायांशी उभी राहून रडते, आसवांनी भिजलेले ते पाय आपल्या केसांनी पुसते, त्यांचे मुके घेते, कुपीतलं सुगंधी तेल त्यांना लावते. शिमोन मनातल्या मनात नाक मुरडतो. मग येशू त्याला दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो. एकाचं कर्ज 500 दीनारांचं, दुसऱ्याचं 50. सावकाराने दोघांचंही माफ केलं, तर त्याच्यावर जास्त माया कोण करील? बाईला माफी मिळते, ‘शांतीने जा’ असं ऐकून ती निघून जाते. लूकच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय इथे संपतो आणि ती बाई त्या पुस्तकात पुन्हा ओळखता येईल अशी कुठे दिसत नाही.

पश्चिमेच्या चित्रांत मात्र ती जिकडेतिकडे दिसते. मोकळे केस, हातात कुपी, डोळ्यांत पाणी, आणि खाली नाव मग्दालीया मरीयेचं, म्हणजे येशूच्या रिकाम्या कबरीपाशी रडत थांबलेल्या त्याच्या शिष्येचं. हे नाव तिला कुठून चिकटलं याचा माग काढत गेलं, की आपण रोममध्ये, संत क्लेमेंतच्या बासिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये), सप्टेंबरातल्या उपासाच्या एका शुक्रवारी येऊन पोचतो. साल बहुधा 591. बोलणारे आहेत पोप ग्रेगरी पहिले. शुभवर्तमानांवरची त्यांची 40 प्रवचनं आपल्यापर्यंत आली आहेत. हे त्यातलं तेहेतिसावं.

इंटरनेटवर याची एक झटपट आवृत्ती फिरते: पोपने कट करून मरीयेला वेश्या ठरवलं, कारण तिचं वजन त्यांना खुपत होतं. मी ते प्रवचन पुन्हा पुन्हा वाचलं आहे आणि माझं मत असं, की ही आवृत्ती दोरी भलत्याच टोकाने ओढते. ग्रेगरींची चूक झाली, यात शंका नाही. पण ती त्यांच्या हातून का झाली आणि चौदाशे वर्षं का टिकली, याचं उत्तर कटात सापडत नाही. त्यासाठी तेव्हाचे लोक पवित्र शास्त्र कसं ऐकत होते ते बघावं लागतं.

आधी गाठ समजून घेऊ

चारही शुभवर्तमानांत येशूला सुगंधी तेल लावणारी एक स्त्री येते, पण तपशील जुळत नाहीत. मत्तय आणि मार्क यांच्याकडे ती बेथानीत, कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी तेल डोक्यावर ओतते, नाव नाही. योहानाकडे प्रसंग बेथानीतच आहे, पण बाई म्हणजे लाजाराची बहीण मरीया, आणि ती तेल पायांना लावून केसांनी पुसते. लूककडे गाव वेगळं, काळ वेगळा, घर परूश्याचं. पण त्याचंही नाव शिमोनच, आणि पाय व केस इथेही आहेतच. आता लूकचं पान उलटा. आठव्या अध्यायाच्या दुसऱ्याच ओळीत येशूबरोबर फिरणाऱ्या बायकांची नावं येतात, त्यात ‘मग्दालीया म्हटलेली मरीया, जिच्यातून सात भुतं निघाली होती’. मागच्या पानावरची बाई हीच, असं लूक म्हणत नाही. पण नुकतंच ते पान ऐकलेल्या माणसाच्या कानात दोघी शेजारी बसतात.

म्हणजे धागे आधीपासून लोंबत होते. बेथानीची मरीया आणि लूकची पापी बाई एकच असाव्यात, या कल्पनेभोवती ग्रेगरींच्या आधीचे थोर आचार्य ऑगस्टीनही घुटमळले होते, तेही सावधपणे. ग्रेगरींनी मग्दालीया मरीयेचा तिसरा धागा ओढला आणि गाठ मारली.

कोण ऐकत होतं

589 च्या शेवटी तिबर नदीला मोठा पूर आला. चर्चच्या धान्यकोठारांत पाणी शिरून हजारो मापं गहू गेला. पाठोपाठ गाठीच्या प्लेगची साथ आली आणि फेब्रुवारी 590 मध्ये पोप पेलाजियस दुसरे तिच्यात गेले. त्यांच्या जागी निवडले गेलेले ग्रेगरी एकेकाळचे रोमचे नगरप्रमुख; कायलियन टेकडीवरच्या वडिलोपार्जित वाड्याचा त्यांनी मठ केला होता आणि तिथून बाहेर पडायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. रीतसर अभिषेक व्हायच्या आधीच त्यांनी शहरभर प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली. सात गट, सात चर्चमधून निघालेले: धर्मगुरू, मठवासी, मठवासिनी, मुलं, प्रापंचिक पुरुष, विधवा, विवाहित बायका. तूरचे बिशप ग्रेगरी (हे वेगळे) लिहितात की त्या मिरवणुकीत तासाभरात 80 माणसं चालता चालता कोसळून मेली. उत्तरेकडून इटलीत घुसलेल्या लोंबार्ड टोळ्यांची टांगती तलवार होतीच.

या शहरातला एक श्रोता ग्रेगरींनी आपल्याला नावानिशी दाखवून ठेवला आहे, आणि तो नेमका संत क्लेमेंतच्या चर्चकडे जाणाऱ्या ओसरीत पडलेला असायचा. नाव सेर्वुलुस. भिकारी आणि कायमचा पांगळा. अंथरुणात उठून बसता येत नसे, हात तोंडापर्यंत जात नसे, कूस बदलायलाही आई आणि भाऊ लागत. मिळालेल्या भिकेतलं तो इतर गरिबांना वाटायचा. अक्षरओळख शून्य, तरीही त्याने पवित्र शास्त्राच्या पोथ्या विकत घेतल्या होत्या! येणाऱ्याजाणाऱ्या साधूंना थांबवून तो त्या वाचून घ्यायचा, आणि ऐकता ऐकता त्याच्या कुवतीप्रमाणे सारं शास्त्र त्याला अवगत झालं, असं ग्रेगरी सांगतात. मरणाच्या वेळी भोवतालचे लोक स्तोत्रं म्हणत होते, तेव्हा हाच मध्येच ओरडला, गप्प बसा, स्वर्गातलं गाणं ऐकू येत नाही का तुम्हाला?

सेर्वुलुस डोळ्यांपुढे ठेवला तर पुढचं कळतं. ऐकणारा मागची पानं चाळून पडताळा घेऊ शकत नाही. एक पाठ मागच्या रविवारी ऐकलेला, दुसरा आज, तिसरा ईस्टरच्या आठवड्यात कधीतरी. त्याच्या मनात शुभवर्तमान चार स्वतंत्र पुस्तकांचं नसतं, ते एकाच कहाणीसारखं साठत जातं, आणि कहाणीत नाव नसलेलं पात्र फार काळ बिननावाचं राहत नाही. आजी रामायण सांगते तेव्हा वाल्मीकी कुठे संपले आणि श्रीधर कुठे सुरू झाले, हे कोण विचारतं?

प्रवचन कसं दिलं जात होतं, याचाही इथे संबंध आहे. ग्रेगरींचं पोट कायम बिघडलेलं असे, मोठ्याने बोलायला ताकद नसे. पहिली 20 प्रवचनं त्यांनी सांगून लिहून घेतली आणि लेखनिकाने लोकांसमोर वाचली. एकविसाव्याच्या सुरुवातीला ते उघड कबूल करतात: वाचून दाखवलेलं तुमच्यातले काही जण मन लावून ऐकत नाहीत, ते मला दिसतं आहे, तेव्हा यापुढे मी स्वतः, समोरासमोर बोलेन, कारण पेंगणाऱ्या मनाला वाचनापेक्षा बोलण्याचा आवाज जास्त जागं करतो. तेहेतिसावं प्रवचन या दुसऱ्या प्रकारातलं, म्हणजे प्रत्यक्ष बोललेलं आहे.

त्या शुक्रवारी

सुरुवातच अशी: मरीयेच्या पश्चात्तापाचा विचार मनात आला की काही बोलण्यापेक्षा रडावंसंच मला वाटतं. अजून काही सिद्ध केलेलं नाही, पण लूकच्या बिननावाच्या बाईचं नाव पहिल्याच वाक्यात घेऊन झालं आहे. मग ते वाक्य, ज्यावरून हे सगळं प्रकरण उभं राहिलं. लूक जिला पापी बाई म्हणतो आणि योहान जिचं नाव मरीया सांगतो, तीच ही मरीया, जिच्यातून सात भुतं काढली गेली अशी मार्क साक्ष देतो, असं आम्ही मानतो.

‘मानतो’. लॅटिनमध्ये ‘क्रेदिमुस’. शास्त्राधार देऊन मुद्दा सिद्ध करणाऱ्याची ही भाषा नाही. चालता चालता ओढा ओलांडावा तसं ते हे वाक्य ओलांडून पुढे जातात, कारण त्यांना जायचं आहे पुढच्या प्रश्नाकडे: सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण नाहीत तर दुसरं काय? सात दिवसांत सगळा काळ मावतो, म्हणून सात हा आकडा ‘सगळं’ या अर्थाचा. तिच्यात सात भुतं होती, म्हणजे ती सर्व दुर्गुणांनी भरलेली होती. भूतबाधा झालेली आजारी स्त्री इथे, एका आकड्याच्या अर्थावरून, दुराचारी स्त्री होऊन गेली. माझ्या मते तिघींना एक करण्यापेक्षाही ही पायरी जास्त महागात पडली, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

यानंतर येतो प्रवचनाचा गाभा, आणि इथे वक्ता म्हणून ग्रेगरींना दाद द्यावीच लागते. ते त्या बाईच्या अंगाचा एकेक अवयव घेतात. जे सुगंधी तेल तिने पूर्वी निषिद्ध कर्मांत आपल्याच देहाच्या वासासाठी वापरलं, तेच आता देवाला वाहिलं. डोळ्यांनी जगातल्या वस्तूंची हाव धरली होती, ते आता रडून झिजवले. केस चेहऱ्याच्या शोभेसाठी सजवले होते, त्यांनी आता आसवं पुसली. तोंडाने गर्वाचं बोलली होती, ते तोंड प्रभूच्या पावलांवर टेकलं. मग समेचं वाक्य: स्वतःत जेवढी सुखं होती, तेवढीच अर्पणं तिला स्वतःतच सापडली. लॅटिनमध्ये ‘ओब्लेक्तामेन्ता’ आणि ‘होलोकाउस्ता’ हे शब्द शेवटी येऊन एकमेकांवर आपटतात. आपल्याकडचा चांगला कीर्तनकार अभंगाच्या एका शब्दावर थांबून टाळ वाजवू देतो, तशी ही जागा आहे.

या परिच्छेदात ‘पाप’ नुसतं एक लेबल म्हणून राहत नाही. तेल, केस, डोळे, तोंड: समोर बसलेल्या प्रत्येकाकडे यातलं काहीतरी आहेच. पाठातल्या बाईने पूर्वी केस कशासाठी सजवले, हे लूकने कुठेही सांगितलेलं नाही. ग्रेगरींनी तिला एक भूतकाळ दिला, आणि तो तिच्या पश्चात्तापाच्या खुणांवरून उलटा काढला. आज पाय पुसणारे केस, म्हणजे काल मिरवलेले केस. ऐकताना हे पटतं. कागदावर शांतपणे पाहिलं की लक्षात येतं, पुरावा निष्कर्षातूनच निघाला आहे.

ते इथे थांबत नाहीत. हीच गोष्ट पुन्हा दुसऱ्या अंगाने वाचतात. परूशी म्हणजे आपल्या धार्मिकतेवर फुशारणारा यहुदी समाज, आणि बाई म्हणजे येशूकडे वळलेली बिगरयहुदी जनता. हा भाग आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण याच तऱ्हेच्या वाचनाने पुढे काय काय घडवलं ते आपल्याला ठाऊक आहे. (याच ग्रेगरींनी 598 मध्ये पालेर्मोच्या बिशपांनी बळकावलेल्या सिनेगॉगांबद्दल, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळांबद्दल, यहुद्यांची बाजू घेतली होती. व्यासपीठावरचे ग्रेगरी आणि पत्रव्यवहारातले ग्रेगरी नेहमी एका सुरात बोलत नाहीत.) मग तिसरं अंग, रोजच्या वागण्याचं. केस म्हणजे शरीराला गरजेपेक्षा जास्त असलेली गोष्ट, तशीच संपत्ती. प्रभूचे पाय म्हणजे गरीब. आपल्याजवळचं जास्तीचं देऊन गरिबांचं दुःख हलकं करतो, तो केसांनी प्रभूचे पाय पुसतो. पुरात कोठारं वाहून गेलेल्या शहरात या ओळीचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती.

ही पद्धत होती, लहर नव्हती

ईयोबाच्या पुस्तकावरचं आपलं 35 भागांचं भाष्य सेव्हिलच्या लेआंदर बिशपांना पाठवताना ग्रेगरींनी पद्धत स्वतःच सांगून ठेवली आहे. आधी घटनेचा, इतिहासाचा पाया घालायचा. त्यावर रूपकार्थाने मनाची इमारत उभी करायची. शेवटी आचरणाच्या शिकवणीचा रंग द्यायचा. त्याच पत्रात पवित्र शास्त्राला त्यांनी एका नदीची उपमा दिली आहे, उथळही आणि खोलही, जीत कोकरू चालू शकतं आणि हत्ती पोहू शकतो.

या प्रकरणात पायाच भुसभुशीत होता. इमारत इतकी देखणी झाली की खाली कोणी वाकून पाहिलं नाही. पण पायाची त्यांना पर्वा नव्हती, असंही म्हणता येत नाही. ही प्रवचनं तावरमिनाचे बिशप सेकुंदिनुस यांना पाठवताना ते तक्रार करतात, की काही बंधूंनी मी हात फिरवण्याआधीच ती उतरवून नेली. भुकेले लोक अन्न पुरतं शिजण्याआधीच खायला धावतात, तसे हे. मग एक दुरुस्ती ते आवर्जून सांगतात. येशूच्या मोहाच्या प्रसंगात सैतानाने त्याला आधी पवित्र नगरीत नेलं की आधी डोंगरावर, याबाबत मत्तय आणि लूक यांचा क्रम वेगळा आहे, आणि पहिल्या मसुद्यात आपण ते संदिग्ध ठेवलं होतं. सुधारलेली प्रत रोमच्या दफ्तरात ठेवली आहे, शंका आली तर तिच्याशी ताडून पाहावं.

मला या पत्राचं फार अप्रूप वाटतं. दोन शुभवर्तमानांतल्या क्रमाचा एवढासा फरक ज्या माणसाला टोचतो, त्याला तीन बायका एकवटण्यात काहीच टोचलं नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती ढिलाई नव्हतीच. दफ्तरात ठेवलेल्या प्रतीतही मरीया तशीच राहिली.

ती त्यांना हवी कशासाठी होती, हे 597 च्या एका पत्रात दिसतं. कॉन्स्टँटिनोपलच्या राणीच्या पदरी असलेल्या ग्रेगोरिया नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, माझी पापं माफ झाली आहेत असा दृष्टान्त तुम्हाला झाल्याचं कळवेपर्यंत मी तुमचा पिच्छा सोडणार नाही. ग्रेगरींचं उत्तर: तुम्ही अवघड आणि निरुपयोगी गोष्ट मागितलीत. अवघड, कारण असा दृष्टान्त होण्याची माझी लायकी नाही. निरुपयोगी, कारण पापांबद्दल निर्धास्त होणं तुमच्या हिताचं नाही. पण एवढं खडसावण्याआधीच त्यांनी धीर द्यायला लूकचंच वाक्य पुढे केलेलं असतं, तिची पुष्कळ पापं माफ झाली आहेत, कारण तिने पुष्कळ प्रेम केलं. साथीत माणसं गमावलेल्या, आपल्याच पापांनी देव कोपला असं मानणाऱ्या लोकांना एक असा माणूस दाखवायचा होता जो सगळ्यात खाली होता आणि सगळ्यात वर पोचला. परूश्याच्या घरातल्या बाईची गोष्ट माफीवर संपते. रिकाम्या कबरीपाशी उभ्या असलेल्या मरीयेच्या गोष्टीला सुरुवात नाही. दोन्ही जोडल्या की एक पूर्ण आयुष्य होतं.

पुढे

आठव्या शतकात इंग्लंडमध्ये बीड नावाच्या मठवासी विद्वानांनी लूकवरच्या भाष्यात ग्रेगरींचीच वाट धरली. त्याच शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सांगण्यावरून पाउलुस दियाकोनुस यांनी वर्षभराच्या पाठांसाठी जुन्या आचार्यांच्या प्रवचनांचा संग्रह केला, त्यात ग्रेगरींचा वाटा मोठा होता. बोललेलं प्रवचन पुन्हा एकदा वाचून दाखवण्याचा मजकूर झालं, आणि ‘आम्ही मानतो’ मधलं ‘मानतो’ कधीच गळून पडलं. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या वेझले इथे मग्दालीया मरीयेच्या अस्थी असल्याचा दावा झाला, 1279 मध्ये प्रोव्हान्समध्ये दुसऱ्या अस्थी सापडल्याचा. 1517 च्या सुमारास झाक लफेव्र देताप्ल या विद्वानाने तिघी वेगळ्या असल्याचं लिहिलं. इंग्लंडच्या जॉन फिशर बिशपांनी त्याचं खंडन केलं आणि 1521 मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाने त्याचा निषेध केला. चूक एवढी जुनी झाली होती की बरोबर बोलणारा पाखंडी ठरला. ग्रीक चर्चने मात्र तिघींना कधी एक केलं नाही. ग्रेगरी स्वतः कॉन्स्टँटिनोपलमध्ये सहाएक वर्षं राहिले होते, पण ग्रीक आपल्याला येत नाही असं तेच सांगतात.

या प्रकरणातलं खरं नुकसान मला मरीयेच्या नावाने चाललेल्या ‘सुधारगृहां’त दिसतं. आयर्लंडमधल्या मॅग्डलेन लाँड्र्यांत बायकांना कोंडून कपडे धुवायला लावत. शेवटची 1996 मध्ये बंद झाली. ग्रेगरींच्या प्रवचनात ती बाई आपल्या पायांनी आत येते आणि ताठ मानेने बाहेर पडते. लाँड्रीवाल्यांनी तिचा भूतकाळ तेवढा उचलला.

1969 मध्ये रोमन उपासना-दिनदर्शिका सुधारली गेली, तेव्हा 22 जुलैला, मग्दालीया मरीयेच्या सणाला, पापी बाईचा पाठ जाऊन योहानाचा विसावा अध्याय आला, कबरीपाशी रडणाऱ्या मरीयेचा. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने तो दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा झाला. 2021 पासून बेथानीची मरीया मार्था आणि लाजार या आपल्या भावंडांबरोबर 29 जुलैला, स्वतंत्र.

त्या 22 जुलैच्या प्रार्थनाविधीत धर्मगुरू आजही एक जुनं वाचन वाचतात, आणि ते ग्रेगरींचंच आहे, पंचविसाव्या प्रवचनातलं. शिष्य घरी परतले, मरीया कबरीपाशीच थांबली, शोधत राहिली, म्हणून तिला येशू दिसला, असा तो सुंदर उतारा. मूळ प्रवचनाचं पहिलं वाक्य आहे, ‘नगरात जी पापी होती त्या मग्दालीया मरीयेने सत्यावरच्या प्रेमाने आपल्या अपराधांचे डाग आसवांनी धुतले.’ उतारा त्याच्या पुढून सुरू होतो.